गोसिनींची आधीची वर्षं

ॲस्टरिक्स या फ्रेंच कॉमिक्सच्या यशावरचा तुमचा लेख छान झालाय, पण त्याचे लेखक रने गोसिनी यांची त्याआधीची वर्षं दोन ओळींत उरकली, याची चुटपुट लागली. जन्म पॅरिसचा (१९२६), बालपण ब्युनोस आयर्समध्ये, वडील गेल्यावर १९४५ साली आईसोबत न्यूयॉर्क. तिथे बेकारीचे दिवस काढून मग एका बालपुस्तकांच्या प्रकाशनात ते आर्ट डायरेक्टर झाले. पुढे ‘मॅड’ मासिक काढणाऱ्या अमेरिकन व्यंगचित्रकार हार्वी कुर्ट्झमनची ओळख याच शहरातली. चित्र कागदावर कसं बसवायचं हे काम गोसिनींनी स्वतः केलेलं होतं, म्हणून त्यांच्या पटकथेत चित्रकाराला मोकळी जागा मिळते असं मला नेहमी वाटतं.

आणि १९५६चा प्रसंग तर हवाच होता! कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांना हक्क मिळावेत म्हणून आवाज उठवला आणि त्यांची नोकरी गेली. ॲस्टरिक्सचे चित्रकार युदेर्झो आणि कॉमिक्सलेखक शार्लिए हे मित्रही त्यांच्यासोबत बाहेर पडले. तेव्हा पटकथाकाराचं नावसुद्धा अनेकदा छापलं जात नसे! याच मित्रांच्या साथीने २९ ऑक्टोबर १९५९ला ‘पिलोत’ हे कॉमिक्स साप्ताहिक निघालं, पहिल्याच अंकात ॲस्टरिक्स. पुढे संपादक म्हणून त्यांनी गोतलिब, काबू, क्लेर ब्रेतेशे या व्यंगचित्रकारांना पानं दिली. वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी गेले. फार लवकर.