थिएटरचा ऑर्गन एका रात्रीत मेला नव्हता

जुन्या भव्य सिनेमागृहांच्या फोटोंखाली एक मजकूर नेहमी फिरत असतो. त्याचा सारांश असा: चर्चमधले पाइप ऑर्गन (पाइपांतून हवा सोडून वाजणारी भलीमोठी वाद्यं) उचलून थिएटरांत बसवले, कारण प्रोजेक्टरची खडखड झाकायची होती आणि वाद्यवृंद परवडत नव्हता, मग 1927 मध्ये बोलपट आला आणि हे सगळे ऑर्गन रातोरात भंगारात गेले. वाचायला छान आहे, पण यातला एकही दावा नीट टिकत नाही.

आधी चर्चचं बघू. रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्रज गृहस्थ मूळचा टेलिफोन कंपनीतला विजेचा माणूस. पट्टी दाबली की पाइप वाजेपर्यंत मधे काठ्या-तारांचं जे जंजाळ असायचं, ते काढून त्याने तिथे वीज आणली. सुरुवातीचा प्रयोग चर्चच्याच ऑर्गनवर झाला, एवढं त्या मजकुराच्या पदरात टाकू. पण 1903 मध्ये तो अमेरिकेला गेला, 1910 मध्ये वुर्लिट्झर कंपनीत आला, आणि तिथे जे वाद्य घडलं त्याचं नावच 'युनिट ऑर्केस्ट्रा' होतं. चर्चच्या ऑर्गनमध्ये साधारणपणे प्रत्येक स्टॉपला, म्हणजे वादकाने निवडायच्या एकेका आवाजाला, पाइपांची आपली वेगळी रांग असते: 61 पट्ट्या, 61 पाइप. होप-जोन्सच्या पद्धतीत त्याच रांगेला खाली 12 आणि वर 12 पाइप जोडायचे, आणि या 85 पाइपांतून तोच आवाज तीन वेगवेगळ्या सप्तकांत तीन स्टॉप म्हणून काढायचा. कमी पाइपांत जास्त काम. शिवाय हवेचा दाब चर्चपेक्षा बराच जास्त, त्यामुळे सूर दणदणीत. आणि त्यावर तो ओळखीचा थरथरता कंप.

खरी गंमत पाइपांपलीकडे आहे. ड्रम, झांजा, झायलोफोन, कधी कधी चक्क अख्खा पियानो हे सगळं खरं असायचं आणि हवेच्या जोरावर वाजायचं. घोड्यांच्या टापा, मोटारीचा भोंगा, आगगाडीची शिट्टी हेही तसंच. पक्ष्याची किलबिल कशी काढत? शिट्टी उलटी धरून तिचं तोंड द्रवात बुडवायचं आणि हवा सोडायची. बुडबुड्यांतून पक्षी! हे चर्चमधून उचलून आणलेलं वाद्य म्हणायचं, तर त्या चर्चमध्ये प्रार्थना कसली चालत असेल?

प्रोजेक्टरच्या खडखडीचं कारण अगदी सुरुवातीच्या, प्रेक्षकांतच यंत्र ठेवण्याच्या काळाला कदाचित लागू पडेल. पण तेव्हाची नायट्रेट फिल्म भडकन पेट घ्यायची, म्हणून यंत्र बंदिस्त खोलीत गेलं. ब्रिटनमध्ये तर 1909 च्या कायद्यानेच ते सक्तीचं केलं. म्हणजे थिएटरसाठी खास ऑर्गन बनू लागले, तोवर खडखड भिंतीआड गेलेली होती.

वाद्यवृंद परवडत नव्हता, हे छोट्या थिएटरांपुरतं खरं आहे. मोठ्या ठिकाणी दोन्ही असत. न्यूयॉर्कचं रॉक्सी 1927 मध्ये उघडलं ते प्रचंड वाद्यवृंद आणि तीन-तीन कन्सोलांचा (कन्सोल म्हणजे वादक जिथे बसून वाजवतो ते कीबोर्डांचं मेज) किंबल कंपनीचा ऑर्गन घेऊन. याला काटकसर म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

आता 1927. बोलपटांची लाट आणणारा 'द जॅझ सिंगर' ऑक्टोबरात लागला, हे बरोबर. पुढच्या दोन-तीन वर्षांत शेकडो ऑर्गनवादकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरं. पण अटलांटाचं फॉक्स थिएटर उघडलं 25 डिसेंबर 1929 ला, म्हणजे बोलपट आल्यावर दोन वर्षांनी, आणि तरी त्यात 3,622 पाइपांचा, मोलर कंपनीचा ऑर्गन बसवला होता. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटीत वुर्लिट्झरने बनवलेला सगळ्यात मोठा थिएटर ऑर्गन आहे, 58 रांगांचा. तो 1932 चा. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियनने 1937 मध्ये पाच कीबोर्डांचा, कॉम्प्टन कंपनीचा ऑर्गन घेतला. ही मंडळी वेडी नव्हती. ऑर्गन फक्त मूकपटाला साथ द्यायला नव्हताच; खेळाआधी, मध्यंतरात कन्सोल लिफ्टवरून वर येणार, वादक वाजवणार, लोक गाणार, हा स्वतंत्र कार्यक्रम होता.

मग मेले कशाने? बोलपटाने धक्का दिला, पण त्याबरोबर 1929 नंतरची मंदी आली, पुढे इमारतीच पाडल्या गेल्या. आणि एक अगदी साधी गोष्ट, चामडं. प्रत्येक पाइपाखालच्या झडपेला हवेने फुगणारी चामड्याची इवलीशी पिशवी असते. ती काही दशकांत कोरडी पडून तडकते. देखभालीला माणूस नसला की एकेक सूर मुका होत जातो.

'सगळे भंगारात' हे तर सरळ चूक. फॉक्सचा ऑर्गन बंद पडला होता, तो 1963 मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा बोलता केला. सत्तरच्या दशकात ती जागा एका टेलिफोन कंपनीला मुख्यालयासाठी हवी होती (होप-जोन्स पण टेलिफोनवालाच, बघा!), तेव्हा लोकांनी थिएटरच वाचवलं. डेन्व्हरच्या थिएटरातला 1927 चा वुर्लिट्झर अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे चक्क पिझ्झाच्या रेस्टॉरंटमध्ये वाजतो. आणि ब्रिटनमध्ये सुरू झालेला पहिला वुर्लिट्झर, 1925 चा, वॉलसॉलच्या पिक्चर हाउसमधला? सिनेमातून निघून तो डेव्हनमधल्या बिअर नावाच्या गावी (हो, गावाचं नाव तेच) चर्चमध्ये जाऊन बसला.