मालक, जरा फ्रेममधनं सरका

नळदुर्गचा किल्ला आता नीटनेटका केलाय, बागा फुलवल्यात, सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभरात पोचता येतं. तिकीट काढलं, बायकोसकट आत गेलो. इथपर्यंत माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

पाणीमहालात उतरलो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. धरण भरलं की खिडकीसमोर पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा. त्या खिडकीशी जेमतेम टेकलो, तोच हाक आली.

"मालक, जरा सरका की. तुमची पिशवी फ्रेममध्ये येतीय."

प्री-वेडिंग! शेरवानीतला नवरदेव, पायऱ्या अडवून बसलेला घागरा, त्यात नवरी, आणि पोटावर दोन कॅमेरे लोंबणारा पोरगा.

"मी तिकीट काढून आलोय."

"मग आम्ही काय तटावरनं उडी मारून आलाव व्हय? दोन मिनिटं."

सरकलो.

"अजून. मामा, उजेड अडतोय तुमच्यामुळं."

मालकाचा मामा व्हायला एक मिनिटही लागलं नाही. आजवर मी काही उजेड पाडला नाही असं घरचे म्हणतात; अडवला असं पहिल्यांदाच ऐकलं.

"असं करा, हे धरा." हातात परातीएवढा चंदेरी रिफ्लेक्टर. "आमचं पोरगं आज आलं नाही ओ."

१८५३ नंतर कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघायचा. त्याच्या हातात कुणी असलं काही दिलं असतं का?

दोन मिनिटं अर्धा तास चालली. मधूनमधून ओरडा: "दाजी, पाण्याकडं काय बघायलाव? ताईकडं बघा!"

दाजींचं काय चुकलं? सोलापूरचा माणूस. एवढं पाणी एकदम दिसलं की नजर हटत नाही. चारशे वर्षांपूर्वी कुणी नदी अडवून वर महाल कोरडा ठेवला. आमच्याकडं उजनी धरण काठोकाठ भरलं तरी नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. बादल्या घेऊन रात्री जागायचं, आणि टाकी भरायच्या आत धार बारीक. कुणाला विचारावं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. यात हसण्यासारखं काही नाही.

उपळी बुरूज राहिला तो राहिलाच. निघताना कॅमेरेवालं पोरगं म्हणालं, "मामा, हात स्थिर आहे तुमचा. नंबर द्या की, रविवारी अजून एक शूट आहे. जेवण आमच्याकडं."

बायकोनं लगेच दिला.