रिकामटेकड्याचं उत्तर

नमस्कार साहेब,

नाव लिहिलेलं नाही, म्हणून साहेबच म्हणतो. ट्यूनईसीयू म्हणजे बाईकच्या इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, लॅपटॉपवरून वाचायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर. 'ट्यूनईसीयू नव्या विंडोजवर कसं चालवायचं' या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही सात ओळी टाकल्यात. त्यात तीन मुद्दे आणि एक टोमणा. मुद्दे असे: यूएसबी केबलमधल्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपा बंद पाडल्या ते साल मी चुकीचं दिलं, विंडोज ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची करतं ती तपासणी बंद करायचा माझा सल्ला धोक्याचा आहे, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा अँड्रॉइडचं ॲप घ्यावं, नाहीतर विंडोज ७ चा जुना लॅपटॉप बाळगावा. टोमणा असा: "रिकामटेकड्याने रिकामटेकड्यांसाठी लिहिलेला लेख."

आधी साल. मान्य. मी २०१२ लिहिलं होतं, ते २०१४ हवं. त्या वर्षी ऑक्टोबरात ते प्रकरण गाजलं. विंडोज अपडेटमधून आलेला ड्रायव्हर नकली चिप हेरून तिचा पीआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, शून्य करून टाकायचा, मग ती केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी ओळख देईना. दुरुस्ती केली आहे. आभार, अगदी मनापासून. "गूगल करायचे कष्ट घेतले असते तर" हे नसतं जोडलं तरी चूक मला दिसली असती.

आता रिकामटेकडा.

दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी सांगलीला मामाच्या गॅरेजात बसायला लागलो. मामा येझदी बाईकच्या इग्निशनचे पॉइंट पॉलिशपेपरने घासायला द्यायचा आणि गॅप ब्लेडच्या पात्याने बघायचा. फिलर गेज होता, पण तो गिऱ्हाईक समोर उभं असलं तरच बाहेर निघायचा. चार उन्हाळे तिथे काढले. आज मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तीन शिफ्टमध्ये. तुम्ही ज्याला रिकामटेकडेपणा म्हणता तो लेख सेकंड शिफ्ट करून आल्यावर, रात्री एक ते तीन, असा चार रात्री बसून लिहिलाय. बायकोला विचारा. नको, तिला नका विचारू, ती तुमच्या बाजूने बोलेल.

आणि हे सगळं हौस म्हणून सुरू झालं नाही. ट्रायम्फची २०१४ ची बॉनेव्हिल सेकंडहँड घेतली, ८६५ सीसी, एअरकूल्ड. बाहेरून दोन कार्ब्युरेटर दिसतात, पण ते नुसतं सोंग, आत इंजेक्शन आहे. मामाला दाखवायला नेली तर त्याने कार्ब्युरेटरचा पायलट स्क्रू शोधायला स्क्रूड्रायव्हरच काढला. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदलला होता आणि मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं तो ईसीयूतला तक्ता, तसाच ठेवला होता, त्यामुळे थ्रॉटल सोडला की मागून फटाके. सर्व्हिस सेंटरवाल्याने हात वर केले. मग उरलो मी, माझा नवा लॅपटॉप आणि साडेचारशे रुपयांची एक केबल.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टुलावर लॅपटॉप, बॅटरीला चार्जर, हेडलाइटचा फ्यूज काढून खिशात. चावी फिरवली की पेट्रोलचा पंप सूं करतो आणि थांबतो. मग शांतता. मॅप वाचला जायला लागतो आणि मध्येच जोडणी तुटते. पुन्हा चावी बंद, पुन्हा सूं. अशा सहा रात्री गेल्या. चौथ्या रात्री तळमजल्यावरचे काका चोर समजून टॉर्च घेऊन बाहेर आले. सातव्या रात्री डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा पुढे द्यायला केबल किती थांबते तो आकडा, दिसला, १६ मिलिसेकंद. तो १ वर आणला. के-लाइन, म्हणजे ईसीयूशी बोलायची तार, बोलते १०,४०० बॉडने (सेकंदाला तेवढे बिट), म्हणजे गोगलगाय. पण उत्तराची वेळ हुकली की ईसीयू सरळ फोन ठेवून देतो. त्या रात्री मॅप पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. या एका आकड्यासाठी मी सात रात्री घालवल्या. लेख वाचणाऱ्याला तो दोन मिनिटांत मिळतो, फुकट. आणि त्याबदल्यात मला काय मिळालं, तर रिकामटेकडा!

बाकीचं थोडक्यात. सहीची तपासणी बंद केली तरी ती सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. पीआयडी शून्य झालेली चिप उठवायची तर ड्रायव्हरची आयएनएफ फाइल बदलावी लागते, फाइल बदलली की सही मोडते, म्हणून तो उपद्व्याप. धोका तर घरातल्या गॅसलाही असतो. मी स्वतः आता अस्सल चिपची केबल वापरतो आणि तिला यातलं काहीच लागत नाही, पण तो इथे मुद्दा नाही.

जुन्या लॅपटॉपचं म्हणाल तर विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. माझ्याकडे होता तसला एक, बिजागरी सुतळीने बांधलेली, चार्जर काढला की अकरा मिनिटांत मान टाकायचा. ईसीयूत मॅप लिहिला जात असताना त्याने मान टाकली तर खर्च तुम्ही देणार होतात का? ॲपबद्दल काही बोलत नाही. लेखाचं शीर्षक पुन्हा एकदा वाचा.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशी होती तशीच ठेवली आहे. फक्त एक राहिलं. तुमच्या सात ओळींत तुमची बाईक कोणती ते कुठेच नाही. आहे ना बाईक?