‘एकशेबारा लावू नका’ असे सांगणाऱ्यांना

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: 112 किंवा 108 वर फोन करून उपयोग होत नाही, ऑपरेटर निरर्थक प्रश्न विचारून वेळ घालवतात, त्यांच्या निष्काळजीपणामुळे माणूस दगावला तरी त्यांचे कोणीही काही वाकडे करू शकत नाही, म्हणून प्रश्नांना उत्तरे देऊ नका, ‘लवकर गाडी पाठवा’ एवढेच सांगा, फोन उचलायला उशीर झाला तर कापून पुन्हा लावा, आणि शक्यतो फोन करूच नका. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातील एका 911 (तिथला आपत्कालीन क्रमांक) ऑपरेटरची गोष्ट जोडलेली आहे. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर राहणाऱ्या, हृदयविकाराची औषधे घेणाऱ्या माझ्या मावशीने हा संदेश वाचून भिंतीवर चिकटवलेला 108 चा कागद काढून टाकला, हे कळल्यानंतर गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

आधी ह्यूस्टनबद्दल. संदेशात म्हटले आहे की त्या बाईने हजारो फोन मध्येच कापले आणि तिला काहीही झाले नाही. पहिला भाग खरा आहे, दुसरा धादांत खोटा. वीस सेकंदांच्या आत संपलेल्या फोनांची संख्या तिच्या नावावर संशयास्पदरीत्या जास्त दिसली, तेव्हा वरिष्ठांनी ध्वनिमुद्रणे तपासली. तिची नोकरी गेली, फौजदारी खटला चालला आणि 2018 मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवले. शिक्षा झाली ती दहा दिवसांचा तुरुंगवास आणि अठरा महिन्यांची देखरेख. एवढ्या अपराधाला ही शिक्षा फार अपुरी होती, असे कोणी म्हणाले तर मी सहमत होईन. पण ‘काहीही झाले नाही’ असे म्हणता येत नाही. शिवाय ती सापडली कशामुळे, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेलेच नाही. लोकांनी फोन केले होते आणि प्रत्येक फोनची वेळ व लांबी यंत्रणेत नोंदली गेली होती, म्हणूनच ती सापडली. जो फोन केलाच नाही, त्याबद्दल कोणत्याही ऑपरेटरला जाब विचारता येणार नाही.

आता सर्वांत घातक सल्ल्याकडे येतो: प्रश्नांना उत्तरे देऊ नका. 112 चा फोन तुमच्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. महाराष्ट्रात तो नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो, तिथे घटनेची नोंद तयार होते, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचते आणि तिथला कर्मचारी जवळच्या वाहनातील पडद्यावर ती पाठवतो. 108 चे फोन पुण्यातील केंद्रात येतात. तिथे बसलेल्या मुलीला ‘वडगाव’ एवढेच सांगितले तर तिने काय करावे? वडगाव मावळ आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, कोल्हापूरकडे पेठ वडगाव आहे, आणि याशिवायही कितीतरी वडगावे आहेत. जिल्हा कोणता, तालुका कोणता, जवळची खूण कोणती, हे ती विचारते तेव्हा ती चौकशी करत बसलेली नसते, गाडीला दिशा देत असते. संदेशातल्या ‘त्यांना आपले ठिकाण आपोआप दिसते’ या वाक्यावर तर मुळीच विसंबू नये. मोबाइलच्या टॉवरवरून मिळणारे ठिकाण ढोबळ असते आणि डोंगराळ भागात फोन दरीपलीकडचा टॉवर पकडतो. मावशीच्या घराला जायचे तर शाळेच्या मागून ओढ्याच्या साकवावरून उतरावे लागते. हे तोंडाने सांगितल्याशिवाय कोणत्याही चालकाला कळणार नाही.

‘श्वास चालू आहे का’, ‘छातीत दुखते आहे का’, ‘वय किती’ हे प्रश्न तर संदेशात थट्टेचा विषय केले आहेत. 108 सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तेव्हा त्यांतल्या फक्त 233 गाड्या प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या होत्या; उरलेल्या 704 मध्ये मूलभूत सोयी होत्या. हाताशी प्रगत गाड्या कमी असताना कोणती कुठे धाडायची, हे याच उत्तरांवरून ठरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर कोणी दाब दिला नाही, तर दर मिनिटाला त्याची जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. गाडी कितीही वेगाने निघाली तरी ती काही दोन मिनिटांत वाडीवर पोहोचणार नाही. श्वास थांबला आहे हे फोनवर कळले, तर प्रशिक्षित माणूस घरच्यांना तिथल्या तिथे दोन्ही तळहात छातीच्या मधोमध ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायला सांगू शकतो. ‘लवकर पाठवा’ म्हणून फोन ठेवून दिला, तर ही शेवटची संधीही घरच्यांनीच घालवलेली असते. असा सल्ला लिहिणाऱ्याने कधी एखाद्या घाबरलेल्या कुटुंबाचा विचार केला असेल, असे मला वाटत नाही.

फोन कापून पुन्हा लावण्याबद्दल एवढेच पुरे की तुम्ही रांगेतला आपला क्रमांक सोडून पुन्हा शेवटी उभे राहता, आणि केंद्राने उलट फोन केला तर तुमची लाइन व्यस्त लागते. संदेशातले ‘112 फक्त पोलिसांसाठी आहे’ हेही चूक आहे. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी तो एकच क्रमांक आहे.

राहिला उत्तरदायित्वाचा मुद्दा. इथे मला काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. या सेवांमधील बरेच काम कंत्राटावर चालते आणि चूक झाली की सरकार कंत्राटदाराकडे व कंत्राटदार कर्मचाऱ्याकडे बोट दाखवतो. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि ते कंत्राटी माणसालाही लागू होते. पण मृत्यू थेट त्याच चुकीमुळे झाला हे सिद्ध करणे अतिशय अवघड असते. तरीही यावरून ‘कायदाच नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुराला कोलकात्यापर्यंतच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. ‘पश्चिम बंग खेत मजूर समिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल दिला की तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, आणि त्या मजुराला 25,000 रुपये भरपाई द्यावी. कुठे खाट रिकामी आहे हे कळावे म्हणून मध्यवर्ती संपर्कयंत्रणा असावी आणि रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था व्हावी, असेही न्यायालयाने सांगितले. या प्रकरणात नेमलेल्या चौकशी समितीने संबंधित डॉक्टरांवर जबाबदारी निश्चित केली आणि पुढच्यासाठी जे सुचवले ते अगदी साधे होते: रुग्ण आल्याची तारीख व वेळ स्पष्ट लिहावी, त्याला कुठे पाठवले ते लिहावे, आणि त्या वेळी कामावर कोण होते याचा तक्ता जपून ठेवावा.

फोनच्या बाबतीतही मागणी हीच करायची असते. हलगर्जी झाली असे वाटले तर फोनच्या यादीतील वेळेचा फोटो जपून ठेवावा. ध्वनिमुद्रण जपून ठेवा असे पत्र लगेच द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. मग माहिती अधिकारात स्वतःच्या फोनचे ध्वनिमुद्रण, घटना नोंदल्याची वेळ, वाहनाला निरोप दिल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ मागावी. सेवा कंत्राटदार चालवत असला तरी सरकारच्या नियंत्रणाखालील माहिती त्या कायद्यात येते. पोलिसांकडून कायद्याचा गंभीर भंग झाला असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते. हा मार्ग थकवणारा आहे आणि घरात दुःख असताना तो चालावा लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळा आणि तक्रारींचा निकाल जिल्हावार, दर महिन्याला, कोणी न मागता प्रसिद्ध व्हायला हवा, अशी माझी मागणी आहे.

संदेशातले शेवटचे वाक्य ‘त्यापेक्षा शेजारच्या जीपवाल्याला बोलवा’ असे आहे. दुर्गम वाडीवर जीप आधी पोहोचू शकते, हे खरे आहे. पण त्यासाठी 108 टाळण्याचे काहीच कारण नाही. घरात दोघे असतील तर एकाने जीपवाल्याला फोन करावा, दुसऱ्याने 108 वर बोलत राहावे, आणि जीप निघाली तर रुग्णवाहिकेची गाठ वाटेत कुठे पडेल ते ऑपरेटरला विचारून घ्यावे. मावशीच्या भिंतीवर आता दोन्ही क्रमांक आहेत आणि त्यांच्याखाली जिल्हा, तालुका, शाळा आणि साकव मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.