‘कशासाठी पाहिजे ते विचारलंसुद्धा नाही’ : १ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

सगळ्यात आधी, तुम्हाला तिकडे जाऊन जो मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. मुलाकडे एवढ्या हौसेने गेलात आणि चार लोकांत अवघडल्यासारखं झालं, हे वाचून खरंच वाईट वाटलं. रिव्ह्यू आला त्या रात्री मला झोप नाही. बायको म्हणाली उत्तर देऊ नका, सोडून द्या, पण ज्या गोष्टीसाठी लोक आमच्याकडे येतात नेमकी तीच आम्ही केली नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांनी आमच्या ट्रेकिंग आणि पक्षी बघायच्या सामानाच्या दुकानातून ऑलिव्ह रंगाचं जॅकेट, तसलीच टोपी आणि वॉटरप्रूफ बूट घेतले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आयोवाला मुलाच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर फेझंटच्या (रानकोंबड्यासारखा पक्षी) शिकारीला गेले. तिथे ग्रुपच्या म्होरक्याने जॅकेट बघून यांना लाइनमध्ये उभंच केलं नाही, शेवटी कुणाची तरी भडक केशरी बंडी आणि टोपी मागून घालावी लागली. बुटांनी टाचा सोलल्या. जॅकेटला काटे चिकटले ते निघेनात. तेच बूट ऑनलाइन अडीच हजाराने स्वस्त. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं, "पैसे घेताना तत्पर पण कशासाठी पाहिजे हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, काउंटरवरच्या बाईंना यातलं काही कळत नाही, टिपिकल पुणेरी दुकान."

काका, विचारलं होतं.

शनिवार होता, नऊला आम्ही शटर ओढतो, तुम्ही पावणेनऊला आलात. (बिलावर वेळ आहे, ८:५८.) मी आत स्टॉक लावत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. काउंटरवरच्या बाई म्हणजे माझी बायको, तिचा पहिला प्रश्न, "कशासाठी हवंय?" तुम्ही म्हणालात, "पक्ष्यांसाठी. मुलाकडे चाललोय, त्यांचा ग्रुप आहे, दिवसभर गवतातून चालायचं असतं." तिने विचारलं, "दुर्बीण आहे का तुमच्याकडे?" त्यावर तुमचं उत्तर, "नको, ते तिथले लोक देणारेत." आता तुम्हीच सांगा, यात बंदूक कुठून दिसणार? "कुठले पक्षी बघणार?" असंही विचारलं तिने, तिला उत्सुकता असते, तर तुम्ही म्हणालात ते मुलालाच माहिती. शिकार हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही आला नाही. कदाचित तुम्हाला संकोच वाटला असेल, मी समजू शकतो, पण मग आम्ही विचारलंच नाही असं जगजाहीर लिहायचं का?

आमच्याकडे पक्ष्यांसाठी म्हणून जो येतो तो बघायला जाणारा असतो. कडबनवाडी, नान्नज, भिगवण असल्या पक्षी बघायच्या ठिकाणी जाणारी, ही आमची गिऱ्हाइकं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे तित्तिर, लावासुद्धा मारता येत नाही, त्यामुळे दुकानात शिकारीचं काहीच नाही, एक शिट्टीसुद्धा नाही. आणि बघायला जाणाऱ्याला मातकट, ऑलिव्ह, खाकी हेच रंग द्यायचे असतात. धाविक, माळटिटवी असले पक्षी उघड्या माळावर तुम्हाला लांबून बघतात, तुम्ही तासभर एका जागी बसायचं, तेव्हा कुठे ते जवळ येतात. आर्मीसारखं चट्ट्यापट्ट्यांचं मात्र मी ठेवत नाही, त्यावरून उगाच भानगडी होतात. म्हणजे तुम्हाला जे दिलं ते तुम्ही सांगितलेल्या कामासाठी एकदम बरोबर होतं.

तुम्ही गेलात ते काम बरोब्बर उलटं. रिव्ह्यू वाचल्यावर मी बसून सगळं वाचून काढलं, मुलाच्या वयाच्या एका जुन्या गिऱ्हाइकालाही फोन केला, तो तिकडेच डे मॉईनला असतो. आयोवात फेझंट, बॉबव्हाइट लावा असल्या गवताळ रानातल्या पक्ष्यांच्या शिकारीला केशरी रंग हा कायदाच आहे. टोपी, बंडी, जॅकेट, शर्ट यातलं निदान एक तरी असं पाहिजे की त्याचा कमीत कमी ५० टक्के भाग भडक केशरी असेल. कारण सरळ आहे, छातीएवढ्या गवतातून किंवा मक्याच्या धांड्यांतून माणसं एका ओळीत चालतात, पुढे कुत्रं, फेझंटचा कोंबडा (नर) फडफडत एकदम पायाजवळून उठतो आणि ज्याच्या हातात बंदूक तो त्याच्यामागे नळी फिरवतो. त्या नळीसमोर ऑलिव्ह जॅकेटवाला माणूस गवतातच जमा. तिथे लपायचं काही कारणच नाही, पक्ष्याला कुत्रं शोधतं. त्या म्होरक्याने तुम्हाला बाहेर काढलं ते जॅकेटचा दर्जा वाईट म्हणून नाही, तुम्हाला छर्रे लागू नयेत म्हणून. हे तुम्ही रिव्ह्यूत असं लिहिलंय की जणू आमच्या मालाची परदेशात नाचक्की झाली.

सांगितलं असतंत तर मी स्वतः म्हणालो असतो की काका, केशरी बंडी आणि टोपी इथे शोधूच नका, तिथे उतरल्यावर कुठल्याही शिकारीच्या दुकानात घ्या, पाठीला पक्षी ठेवायची पिशवी असलेली, आतून धुता येईल अशी. पँट ती घ्यायची जिच्या पुढच्या बाजूला मेणकापड किंवा जाड नायलॉनचा दुसरा थर असतो, कारण तिथली झुडपं आणि धांडी मांड्यांना ओरबाडतात, साधी ट्रेकची पँट दुपारपर्यंत टिकत नाही. अंगाला लागून मेरिनो लोकर, वर वारा अडवणारं गुळगुळीत कापड, आणि फ्लीस, म्हणजे ते मऊ लवदार कापड, बाहेरून अजिबात नको. सकाळी शून्याखाली असतं पण चालायला लागलं की घाम फुटतो, त्यामुळे एकच जाड जॅकेट हे कधीच चांगलं नाही. डोळ्यांना चष्मा, छर्ऱ्यांसाठी आणि काड्यांसाठीही, तुम्ही बंदूक धरा किंवा नुसतं चाला. कानात प्लग. मोजे दोन जोड जास्तीचे. हे सगळं सांगायला मला दहा मिनिटं लागली असती आणि त्यातला एक रुपया मला मिळाला नसता, तरी सांगितलं असतं, विचारा कुणालाही.

जॅकेटच्या काट्यांचं. ते आमच्या कापडाचं पाप नाही, गोखरूसारखी ती काटेरी बोंडं आकड्यांची असतात, ती चिकटण्यासाठीच जन्माला येतात. आपल्या माळावर कुसळं तशीच. तुम्ही जॅकेटच्या आत घालायचं फ्लीस वरून घातलं असणार, लवदार कापडाला ती लगेच चिकटतात, कारण आमच्या जॅकेटचं वरचं कापड गुळगुळीत आहे.

बूट. यावर मी थोडा हटूनच बोलणार आहे. बायकोने तुम्हाला जाड लोकरीचे मोजे घालून बूट ट्राय करा म्हणून सांगितलं, मोजे काढून दिले, तुम्ही ऑफिसचे पातळ नायलॉनचे मोजे घालूनच पाय घातला आणि म्हणालात, "मोजे पण विकताय का आता." ती गप्प बसली. पायऱ्यांवरून खाली उतरून बघा, बोटं पुढे आपटतात का ते कळतं, असं सांगितलं, तुम्ही म्हणालात गाडी डबल पार्क आहे. फ्लाइट मंगळवारची होती. नवे कडक बूट निदान पंधरा दिवस घरात, सोसायटीत, भाजी आणायला जाताना घालून मऊ करायचे असतात, हे बॉक्सच्या झाकणावर मी हाताने लिहून देतो, तुमच्याही झाकणावर होतं. तुम्ही ते पहिल्यांदा आयोवाच्या शेतात घातले, पातळ मोज्यांवर, दिवसभर. म्हणजे नव्या नवरीला पहिल्याच दिवशी पन्नास पानांचा स्वयंपाक सांगायचा आणि मीठ कमी पडलं म्हणून माहेर काढायचं.

किंमत. तुम्ही जो स्क्रीनशॉट टाकलाय तो झूम करून बघा, नाव सारखं आहे पण तो घोट्याखालचा बूट आहे आणि वॉटरप्रूफ नाही. आमचा घोट्याच्या वर येणारा, आत पाणी अडवणारा पडदा असलेला. एमआरपी ११,९९९, आम्ही ११,४०० ला दिला, १८ टक्के जीएसटी त्यातच, पक्कं बिल. ऑनलाइनवाला ८,९०० ला देतो तो दुसराच माल. आणखी एक, जे बिनधास्त डिस्काउंटला मिळतात त्यातले बरेच बूट गोदामात वर्षानुवर्षं पडलेले असतात, सोलच्या मधला फोम दमट हवेत आतून कुजत जातो आणि दिसायला नवा बूट चालता चालता तळापासून सुटतो. मी बॉक्सवरची तारीख बघूनच माल उचलतो. त्याचे पैसे लागतात.

आणि "बाईंना यातलं काही कळत नाही" हे मात्र मला लागलं. ती पहाटे चारला उठून माळरानावर जाते, नुसत्या आवाजावरून चंडोल ओळखते, दुर्बीण ८×४२ (आठपट जवळ दाखवणारी) घ्यायची की १०×५० (दहापट) यावर लोक तिला फोन करून विचारतात (८×४२ घ्या, दहाच्या दुर्बिणीत हात हलला की पक्षीही हलतो). तुमच्या रिव्ह्यूनंतर ती दोन दिवस काउंटरवर बसली नाही. ४.७ चं रेटिंग ४.५ वर आलं, पेठेतल्या गल्लीतल्या दुकानाला त्याने काय होतं ते तुम्हाला कळणार नाही, मोठ्या मॉलवाल्याला एका स्टारने काही होत नाही. आणि टिपिकल पुणेरी म्हणालात म्हणून सांगतो, आम्ही दुपारी एक ते चार पण उघडं असतो.

असो. तुमच्या सूचनेवरून यापुढे बाहेरदेशी जाणाऱ्यांना आम्ही अजून डिटेलमध्ये विचारू, एखादा छोटा फॉर्म वगैरे ठेवायचा विचार चालू आहे, शनिवारी संध्याकाळी गर्दीला एक मुलगा वाढवायचाही बघतोय.

तुम्ही परत आलात तेव्हा मी दुकानात नव्हतो, बूट चिखलासकट परत घ्या म्हणालात आणि लेसमध्ये तिकडची बोंडं तशीच होती, ते आम्हाला परत घेता येणार नाहीत, सात दिवस आणि न वापरलेले असा नियम आहे, बिलाच्या मागे छापलाय. जॅकेट मात्र धुऊन आणा, टॅग नसला तरी चालेल, मी त्याची पूर्ण रकमेची क्रेडिट नोट देतो, हवं ते घ्या. बूट पण आणा, टाचेच्या जागी ताणून देतो, त्याचे पैसे नाहीत, आणि ते लोकरीचे मोजे घालून परत एकदा ट्राय करा, पायऱ्यांवरून. येताना बिल आणा. सोमवारी बंद असतं. आणि जमलं तर ते बाईंबद्दलचं वाक्य तेवढं एडिट करा, स्टार एकच ठेवलात तरी चालेल.