'हेवी शिका, पहिल्याच महिन्यापासून 35 हजार कमवा': फी भरायच्या आधी एवढं वाचा

सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एकच जाहिरात फिरतेय. हेवी, म्हणजे ट्रकसारख्या अवजड गाडीचं लायसन्स काढून देतो, महिनाभराचं ट्रेनिंग, नोकरीची शंभर टक्के हमी, पगार 35 हजारांपासून पुढं. बारावीनंतर घरी बसलेलं पोरगं, दोन एकर कोरडवाहू आणि दारात लग्नाची बहीण असलेल्या घरात ही जाहिरात पोचली, की बाप सोसायटीचं नाहीतर पाहुण्याचं कर्ज काढून फी भरतो. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोबाला बसतो. ड्रायव्हर ट्रिप मारून आला की त्याचा हिशोब माझ्या टेबलावर होतो, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

मुळात नोकरी देणं ड्रायव्हिंग स्कूलच्या हातात नसतं. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, पगार मालकाच्या खिशातून. त्याला न विचारता स्कूलवाल्यानं 35 हजार कबूल करणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं. आणि मालकाच्या जागी बसून बघा. बाराचाकी गाडी आज 40 लाखांच्या घरात जाते, वर बँकेचा हप्ता, आत दुसऱ्याचा माल. ती गाडी तो महिन्यापूर्वी लायसन्स मिळालेल्या पोराच्या हातात एकट्याला देईल का? नाही देत. नव्या पोराला पहिलं वर्ष बहुतेक क्लीनर म्हणून, जुन्या ड्रायव्हरच्या जोडीला सेकंड म्हणून, नाहीतर चिंचोळी एमआयडीसी ते गावातलं गोडाऊन असल्या लोकल फेऱ्यांवर काढावं लागतं. एसटीच्या भरतीतसुद्धा अवजड गाडीचा अनुभव मागतात.

काही स्कूल 'नोकरी लावली' म्हणून जी दाखवतात ती पिकअप किंवा छोटा हत्ती चालवायची असते. नोकरी चांगलीच आहे, पण तिच्यासाठी हेवीची फी कशाला? सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय की 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. म्हणजे हे काम पोराला आजच्या लायसन्सवरही मिळू शकतं.

आता त्या 35 हजारांकडं या. या आकड्यात पगार किती आणि भत्ता किती, हे जाहिरातीत कुठंच लिहिलेलं नसतं. समजा 15 हजार पगार आणि 20 हजार भत्ता. भत्ता म्हणजे रस्त्यावरचा खर्च. जेवण, चहा, आंघोळ, पार्किंग सगळं त्यातच. रोजचे 400 धरले आणि महिन्यात 25 दिवस बाहेर काढले, तरी 10 हजार तिथंच गेले. राहिले 25. आणि गाडी उभी राहिली की भत्ता बंद, मग हातात फक्त 15.

त्यातून कपात वेगळी. मार्केट यार्डातून कांदा भरून बंगळूरला गेलेल्या गाडीचा हिशोब करायला बसलो की आधी डिझेल बघतो. मालकानं ॲव्हरेज ठरवून दिलेलं असतं. त्याच्यापेक्षा जास्त डिझेल जळलं तर फरक बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या नावावर पडतो. नवं पोरगं चढाला गिअर उशिरा टाकतं, उतारावर नको तिथं ब्रेक दाबत राहतं, त्याचं ॲव्हरेज पडणारच. मग ताडपत्री नीट न बांधल्यामुळं पावसात भिजलेल्या गोण्या, पोचल्यावर वजनात आलेली तूट, नो एन्ट्रीतलं चालान. जुन्या ड्रायव्हरला यातलं बरंचसं टाळता येतं, नव्याला नाही. त्यामुळं सगळ्यात जास्त कपात पहिल्याच वर्षी होते. वर मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतील तर ते फिटेपर्यंत गाडी सोडता येत नाही. आपल्याकडं ऊसतोडीतली उचल सगळ्यांना माहीत आहे, ड्रायव्हरकीतली उचलही तशीच गळ्यात पडते.

जाहिरात कोणत्या महिन्यात आली तेही बघा. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्याच सुमारास यार्डात कांद्याची आवक वाढते. तेव्हा प्रत्येकाला ड्रायव्हर हवा असतो आणि भाव चढलेला असतो. उन्हाळ्यात, पावसाळ्यात काय मिळतं ते विचारा. बाराही महिन्यांची बेरीज करून बाराने भागलेला आकडा खरा.

ट्रेनिंगबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात, आणि मला सर्वात जास्त राग त्याचाच येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हेवीसारख्या ट्रान्सपोर्ट गाडीचं ट्रेनिंग किमान 30 दिवसांचं आणि प्रत्येकाच्या हातात स्टिअरिंग किमान 15 तास असायला पाहिजे. एका केबिनमध्ये पाच पोरं बसवून तासभर गाडी फिरवली तर एकेकाला 12 मिनिटं मिळतात. महिनाभर रोज गेलं तरी सहा तास. उरलेले नऊ तास कागदावर. कोणाचं किती तास ड्रायव्हिंग झालं याचं रजिस्टर ठेवणं स्कूलला बंधनकारक आहे, त्याला फॉर्म 15 म्हणतात. ते दाखवा म्हणा. भिंतीवर आरटीओचं स्कूल लायसन्स लावलंय का बघा. शिकवायची गाडी कोणती तेही बघा. जुनाट सहाचाकीवर मैदानात आठचा आकडा काढायला शिकलेलं पोरगं बोरामणी नाक्यावर भरलेली बाराचाकी रिव्हर्स घेऊ शकत नाही, आणि मालक ट्रायलला नेमकं तेच करायला लावतो.

वयाचंही तसंच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे हेवी गाडीला वय 20 पूर्ण लागतं आणि हेवीचं लर्निंग काढायला एलएमव्ही लायसन्सला किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. अठरा-एकोणीसच्या पोराकडून 'जागा बुक करा' म्हणून आजच फी घेणारा तुमच्या पैशावर वर्ष-दोन वर्षं बसणार आहे. दुबई-सौदीचं आमिष असेल तर एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाईटवर तपासा, त्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका.

चांगली स्कूल आहेत. जो उस्ताद तोंडावर सांगतो की पहिलं वर्ष कमी पैशाचं आणि शिकण्याचं आहे, त्याच्याकडं बिनधास्त पोरगं पाठवा. मला या धंद्यात चांगली पोरं यायला हवी आहेत. ड्रायव्हरकी मानाचं काम आहे, चार-पाच वर्षांत हात बसलेला माणूस घर नीट चालवतो, स्वतःची गाडीही करतो.

स्कूल स्वतःहून ज्या दोन पोरांशी फोनवर बोलायला देईल, तेवढ्यावर थांबू नका. गेल्या वर्षीच्या बॅचमधली तुमच्या तालुक्यातली पोरं स्वतः शोधा. मंगळवेढ्याचा, अक्कलकोटचा कोणीतरी सापडतोच. त्याला विचारा, आज कोणती गाडी आहे, महिन्यात घरी किती पाठवतोस. मग ज्या मालकाचं नाव स्कूल सांगतंय त्याच्या ऑफिसात बापानं एकदा पोराला घेऊन जावं. नोकरी खरी असेल तर मालक दोन मिनिटं बोलतो. फी एकदम भरू नका, टप्प्यानं द्या, प्रत्येक वेळी पावती घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका. खोटी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते आणि जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत हेवी काढून लाईनवर लागलेल्या भावांनो, खाली लिहा: पहिल्या वर्षी गाडी कोणती मिळाली, पगार किती, भत्ता किती, कपात किती झाली. मालकाचं आणि स्कूलचं नाव लिहू नका, फक्त आकडे लिहा. या जूनमध्ये फी भरायला निघालेल्या घरांना तेच उपयोगी पडतील.