मागं कोण बघणार?

ब्रेक लाईट ही मालकाच्या पैशानं दुसऱ्यांसाठी चालणारी सोय आहे. हेडलाईट गेला तर आपल्यापुढं अंधार होतो, हॉर्न गेला तर म्हशी हलत नाहीत. ब्रेक लाईट गेलेला मात्र आपल्याला सोडून सगळ्या बेळगावला कळतो. माझा गेल्याची बातमी गोगटे सर्कलजवळ एका रिक्षावाल्यानं दिली. त्याचे शब्द इथं देत नाही, त्यात आमच्या आजोबांचाही उल्लेख होता.

मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचा स्विच बोटभर असतो. त्याची दांडी एका बारीक स्प्रिंगनं पेडलला अडकवलेली. पेडल दाबलं की दांडी ओढली जाते, आतले पत्रे टेकतात, लाईट लागतो. एवढी नाजूक वस्तू नेमकी चिखल उडतो तिथंच बसवायचं ज्याला सुचलं, त्यानं जुलैत खानापूर रस्ता बघितलेला नसणार.

मिस्त्रीकडं गेलो. “नाळे बर्री.” म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशीही नाळेच. पावसाळ्यात त्याच्या दारातल्या सगळ्याच गाड्यांचं भविष्य एवढंच असतं. शेवटी नवा स्विच विकत आणला आणि रविवारी सकाळी गाडी दारात स्टँडवर लावली.

आधी दोष स्विचचाच आहे ना, हे बघायचं होतं. जुन्या स्विचचा सॉकेट सोडवायचा, गाडीकडच्या दोन वायरी वायरच्या तुकड्यानं जोडायच्या आणि चावी फिरवायची. लाईट लागला तर बल्ब बरा, वायर बरी, स्विच मेला. इंजिन चालू करायची गरज नाही, हा लाईट बॅटरीवर चालतो. सगळं एकट्यानं जमतं, फक्त तुकडा हातात धरून मागं जाऊन बघता येत नाही.

“अण्णा, लागलाय काय बघा की जरा!”

“कुठला?”

“मागचा.”

“मागचा व्हय. आता लागलाय. पण मघाशी पण लागला होता की गा.”

मघाशी मी चावीच फिरवली नव्हती. तोवर गल्ली जमली.

नव्या स्विचच्या दोन्ही वायरी काळ्या. गाडीकडची एक काळी, दुसरी हिरवी-पिवळी. आता कुठली कुठं? खरं तर कशीही जोडा, स्विचला प्लस-मायनस नसतो. घरातल्या बटणाला कुणी विचारतं का? पण आमच्याकडं १९५६ पासून एक वाद चालू आहे. कुठला भाग कुणाकडं जायला पाहिजे यावर न दमता बोलायची सवय अख्ख्या गल्लीला आहे. दोन पक्ष पडले. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, काळीला काळी. तरुणांचा सवाल, मग उरलेल्या काळीचं काय? आयोग नेमायचं तेवढं राहिलं.

एवढ्यात चंदगडचे पाव्हणे पुढं झाले. “करंट येतोय का बघू.” म्हणून त्यांनी गाडीची काळी वायर थेट चासीला टेकवली. बारीक ठिणगी, आणि फ्यूज गेला. पाव्हण्यांनी हॉर्न दाबून बघितला, इंडिकेटर लावून बघितला आणि निदान केलं, “स्विच कसला बदलायलास? अख्खी वायरिंग गेलीया.” जाणकार माणूस म्हणून त्यांना चहा द्यावा लागला. ते चहा पीत असताना मी साईड कव्हरमधला जादा फ्यूज घातला. हॉर्न वाजला, तेव्हा श्रेय चहा घेणाऱ्यानंच घेतलं.

जोडणी झाली, टेप गुंडाळला, पण खरी परीक्षा ॲडजस्टमेंटची. स्विच हातानं धरून नुसता नट फिरवायचा. स्विचच फिरवला तर वायरींना पीळ पडतो. स्विच जास्त वर गेला तर पेडल न दाबताच लाईट पेटून राहतो, खाली राहिला तर गाडी थांबल्यावर लागतो. ब्रेक धरायच्या किंचित आधी लागला पाहिजे. तो ‘किंचित’ सांगणार कोण? अण्णा म्हणाले लागलाय, त्यांचा नातू म्हणाला विझलाय, आणि पाव्हणे कुणी न विचारता इंजिन ऑईल बदलायला सांगत होते.

मी नट आहे तिथं सोडला. रात्री जेवणं उरकून गल्ली शांत झाल्यावर गाडी काकूंच्या भिंतीकडं पाठ करून लावली. पेडल दाबलं, भिंत लाल. सोडलं, फिकी. नट थोडा फिरवला, परत दाबलं. कुणाला विचारायला नको, चहा नको. मापात बसलं एकदाचं.

वरची खिडकी उघडली.

“काय रे, एवढ्या रात्री माझ्या भिंतीवर काय लावायलास?”

“ब्रेक लाईट बघायलोय, काकू.”

“मग सकाळी एवढी माणसं होती, त्यातल्या कुणाला तरी विचारायचं न्हाय काय!”